२१० लिटरमधले दोन लिटर

६८ नंबरच्या हायड्रॉलिक ऑईलचा एक बॅरल म्हणजे २१० लिटर. त्यातले सुमारे ९९ टक्के नुसते बेस ऑईल. झीज रोखायची, गंज थोपवायचा, तेल आंबू द्यायचे नाही, फेस मोडायचा, ही सगळी कामे करणारी ॲडिटिव्ह्ज उरलेल्या एक टक्क्यात, म्हणजे बॅरलमागे जेमतेम दोन लिटर. मोटारीच्या इंजिन ऑईलमध्ये हेच प्रमाण १० ते २० टक्क्यांवर जाते, कारण तिथे काजळी आणि ज्वलनातून येणारे आम्लही सांभाळायचे असते.

बॅरलवरचा ६८ हा आकडा या दोन लिटरांबद्दल काहीच सांगत नाही. ४० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी ६८ सेंटिस्टोक, एवढाच त्याचा अर्थ. १० टक्के कमी-जास्त चालते, त्यामुळे ६१.२ ते ७४.८ मध्ये बसणारे कुठलेही तेल ६८ नंबरचेच. फक्त नंबर जुळतो म्हणून स्वस्तातले ६८ उचलणाऱ्या खरेदी विभागाने हे ध्यानात घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. शॉपफ्लोअरवरही तेच. फिटर टाकीतले तेल अंगठा आणि बोटात धरून चोळतो आणि म्हणतो, ‘चिकटपणा आहे अजून, चालेल.’ चिकटपणा असतोच. तो ९९ टक्क्यांचा आहे. झिंक संपत आलेय हे बोटांना कळत नाही.

हे झिंक म्हणजे झेडडीडीपी, झीज रोखणारे ॲडिटिव्ह. पंपात धातूवर धातू घासला की तिथल्या उष्णतेने आणि दाबाने ते फुटते आणि पृष्ठभागावर फॉस्फेटचा थर धरते. थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, केसाच्या सातशेव्या भागाएवढी. तो घासून जातो, पुन्हा धरतो, आणि दर पाळीत झिंक थोडेथोडे खर्ची पडते. नव्या तेलात ते दहा लाखांत साधारण ३०० ते ५०० भाग असते. म्हणून वापरलेल्या तेलाच्या रिपोर्टमध्ये मी व्हिस्कॉसिटीच्या आधी झिंक आणि तेल किती आंबले ते सांगणारा ॲसिड नंबर बघतो.

फेस मोडणारे सिलिकॉन तर दहा लाखांत दहा भाग पुरते. बॅरलला दोन मिलिलिटर, अर्धा चमचाही नाही. जास्त पडले तर तेलात शिरलेली हवा सुटत नाही आणि पंप खडखडू लागतो. बाहेरून ‘पॉवर वाढवणारा’ डबा टाकीत ओतू नये, तो यासाठी.

तापमानाचा हिशेब आणखी कडक. दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. कूलरची जाळी कचऱ्याने बुजून टाकी ६० वरून ८० अंशांवर गेली, तर तेलाचे आयुष्य चौथाईवर येते.

आणि पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात बॅरल शेडबाहेर उभे ठेवतात. वरच्या काठाआत पाणी साचते. दिवसा बॅरल तापतो, रात्री निवतो, आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. ०.१ टक्का म्हणजे बॅरलला ग्लासभर पाणी. तेवढ्यानेही तेल गढूळ होते आणि तापलेल्या टाकीत झिंकचे विघटन सुरू होते. बाहेर ठेवणे भागच असेल, तर बॅरल आडवा करून दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आणावीत, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात. तरी शंका आली तर गॉगल घालून तापल्या हॉटप्लेटवर एक थेंब टाकावा. कोरडे तेल गुपचूप पसरते. पाणी असेल तर ते तडतडते.