चाकांवरचं बिऱ्हाड



परवा गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर एकीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतली एक बाई गाडीच्या उघड्या दारात बसून लॅपटॉपवर काम करतेय. मागे समुद्र. गाडीतच पलंग, शेगडी, छोटा फ्रीज. एक जण म्हणाली, "हिचं बरंय बाई, घरभाडं नाही की घरपट्टी नाही." तेवढ्यात मागून आवाज आला, "पण ही संडासला कुठं जाते?"

सगळ्या हसल्या. आम्हाला मात्र तो प्रश्न फार शहाणपणाचा वाटला. आज त्याच प्रश्नाचा धागा धरून बोलू या.

अमेरिकेत बरेच लोक असे वर्षभर गाडीत राहतात. कुणी सामानाच्या व्हॅनमध्ये लाकडी खाट ठोकून घेतं, कुणी जुनी शाळेची बस विकत घेतं, कुणाकडे कारखान्यातूनच तयार झालेलं चाकांवरचं घर असतं. २०२० मध्ये करोना आला, कचेऱ्या बंद झाल्या आणि घरून काम सुरू झालं. तेव्हा काहींच्या लक्षात आलं की काम लॅपटॉपवरच करायचं आहे, तर ते एकाच घरात बसून कशाला? हिशेब लिहिणं, भाषांतर, फोनवरून शिकवणं, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणं, अशी कामं त्यांना गाडीतून करता येतात.

आता या घराचा कारभार कसा चालतो ते बघू.

आधी वीज. आपण लाइटबिलावर युनिट बघतो ना, त्याच मापानं मोजू. लॅपटॉप साधारण ५० वॉटचा धरला आणि ६ तास चालवला, तर ३०० वॉट-तास होतात, म्हणजे युनिटच्या तिसऱ्या हिश्शाला थोडं कमी. जिथं मोबाइलची रेंज नाही तिथं काही जण छपरावर उपग्रहाची ताटली लावतात. तीही जवळपास तेवढीच वीज खाते. छोटा फ्रीज दिवसाला अर्धं युनिट घेतो. दिवा, पंखा आणि मोबाइल धरून बेरीज सव्वा युनिटच्या आसपास जाते. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात एवढीच वीज मावते. ती रोज भरायची तर छपरावर ३०० ते ४०० वॉटची सोलर पाटी लागते. आभाळ भरून आलं की हिशेब कोलमडतो. मग फ्रीज चालवायचा की काम करायचं, हे ठरवावं लागतं.

म्हणून नोकरी करणारी बाई मुक्काम ठरवताना समुद्र नंतर बघते. आधी मोबाइलची रेंज बघते, मग ऊन बघते. साहेबाची मीटिंग दहाला असेल तर दहाला नेट चालू हवं, मग खिडकीबाहेर डोंगर असो नाहीतर पेट्रोलपंप.

दुसरं पाणी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. ८० लिटर पाणी घेतलं तर ८० किलोचं ओझं गाडी वाहणार आणि तेवढं तेल जास्त जाळणार. मोठे पाच-सहा हंडे समजा. एकटीनं अगदी काटकसर केली, दिवसाला दहा लिटरवर भागवलं, तर ते आठ दिवस पुरतं. मग पुन्हा पाणी शोधायचं. आंघोळीसाठी बरेच जण व्यायामशाळेची वर्गणी भरतात, तिथल्या न्हाणीघरात नहातात.

आणि आता तो संडासचा प्रश्न. मोठ्या गाड्यांत मैल्याची टाकी असते. ती भरली की ठरलेल्या जागी जाऊन स्वतःच्या हातानं नळी लावून रिकामी करावी लागते. छोट्या गाडीत कोरडा संडास असतो. त्यात लघवी वेगळ्या डब्यात जाते, मैला भुशात पडतो. दोन्ही वेगळे ठेवले की वास फार कमी येतो. पण डबा रोजच्या रोज रिकामा करायचा असतोच.

एक धोकाही सांगून ठेवतो. थंडीत गाडी बंद करून आत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेतला माणूस झोपेतच जातो. म्हणून या गाड्यांत त्या वायूची सूचना देणारं यंत्र लावतात. हे आपल्यालाही लागू आहे. बंद खोलीत किंवा कोपीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका.

म्हणजे बघा, घर सोडलं तरी घरकाम सुटत नाही. घरात नळ, मोरी, वायर ही कामं निमूट करतात. गाडीत तीच कामं हातानं करावी लागतात.

पण या गाड्यांत राहणारे सगळेच लॅपटॉपवाले नाहीत. २००८ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली. म्हातारपणाची पेन्शन घरभाड्याला पुरेना, तेव्हा कित्येक साठीच्या बायका-पुरुषांनी गाडीत संसार मांडला. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्याबरोबर राहून २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. पुढे त्यावर सिनेमा निघाला आणि २०२१ साली त्याला ऑस्कर मिळालं. त्यात लिंडा मे नावाच्या आजीबाई आहेत. त्यांनी साठी उलटल्यावर सरकारी जंगलातल्या तंबूच्या जागा सांभाळल्या, तिथले संडास धुतले, मोठ्या गोदामात माल उचलला.

अशा लोकांचं एक काम ऐकून तुम्हाला आपलंच गाव आठवेल. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या थंड राज्यांत साखरेचं बीट पिकतं. ऑक्टोबरात त्याचा हंगाम, साधारण दोन आठवड्यांचा. दूरदूरहून लोक गाड्या घेऊन येतात. बारा-बारा तासांची पाळी, रात्रीची थंडी, बिटाचे डोंगरासारखे ढीग. काम संपलं की पुढच्या गावी.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडकडून ट्रॅक्टर निघतात. त्यात भांडीकुंडी, पोरंबाळं, कोंबड्या. कोयता करायला जाणारी बाईही साखरेसाठीच बिऱ्हाड हलवते. फरक काय? बीट उचलायला आलेल्या माणसाला गाडी लावायच्या जागेला पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. आपल्या बाईला पालाची कोपी मिळते. पाणी लांबून, संडास उघड्यावर, आणि डोक्यावर उचलीचं कर्ज. बिऱ्हाड दोघींचंही फिरतं. पण जिला हवं तेव्हा थांबता येतं तिच्यासाठी तो प्रवास असतो. जिला थांबता येत नाही तिचे हाल असतात.

थांबता येण्याशी पत्त्याचा फार संबंध आहे. अमेरिकेतही गाडीवाल्यांना लायसन्ससाठी, बँकेसाठी, टपालासाठी पत्ता लागतो. साउथ डकोटा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्या एजन्सीचा पत्ता दाखवून लायसन्स काढता येतं. म्हणून अनेक जण कागदोपत्री तिथले रहिवासी होतात. गाडी कुठेही फिरो, कागद एका जागी लागतो.

आपल्याकडे स्थलांतरावर जाणाऱ्या घरासाठी 'एक देश, एक रेशन कार्ड' आहे. आपलं कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा देऊन धान्य घेता येतं. निघण्याआधी कार्डावरची नावं तपासून घ्या. गटातल्या कुणी कोयत्यावर जाणार असतील तर पाण्याची, संडासाची बोलणी उचल घेण्याआधी करायला त्यांना सांगा. उचल घेतल्यावर बोलायला तोंड उरत नाही.

शेवटी लिंडा आजींचं काय झालं? इतकी वर्षं चाकांवर काढून त्यांनी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पाच एकर जमीन घेतली. स्वतःचं घर बांधायचं म्हणून. सगळा देश फिरलेल्या बाईलाही आपल्या नावाची जागा हवी होती.

तुमच्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. या आठवड्यात उतारा काढून बघा. नाव नसेल तर पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून अर्ज लिहू या.