पोफळीच्या पावसात घर कोरडं ठेवायचं तर

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हवा कोरडी करण्याच्या यंत्रावर कशाला बोलावं? कारण साधं आहे. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी मुलं हल्ली विचारतात, 'गावी आई-बाबा दोघंच असतात, बाबांना दम्याचा त्रास आहे, भिंतींना बुरा येतो. सगळ्या घरासाठी एक मोठा डीह्युमिडिफायर बसवून टाकू का?' प्रश्नामागे माया आहे आणि खर्चही मोठा आहे. उत्तर द्यायचं तर आधी घराचं 'आत' कुठे सुरू होतं आणि 'बाहेर' कुठे, हे ठरवावं लागतं. आणि व्याख्या करणं हा तर आमचा जुनाच धंदा आहे.

उदाहरण पोफळीचं घेऊ. चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेलं हे गाव. घाटमाथ्याला अडलेले ढग इथे जून ते सप्टेंबर अक्षरशः मुक्कामाला येतात. पापड सादळतात, मीठ पाघळतं, कपाटातल्या कोटावर पांढरा थर धरतो, पुस्तक उघडलं की पानं एकमेकांना चिकटलेली. हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. पण पाणी मात्र कुठेच दिसत नाही. छप्पर गळत नसलं तरी हे होतं. मग ही ओल येते कुठून?

आपल्याकडच्या वैशेषिकांनी वायूला रूप नाही, फक्त स्पर्श आहे असं म्हटलं. म्हणजे वायू डोळ्यांना दिसत नाही, खुणांवरून ओळखायचा. हवेतल्या वाफेचंही तसंच आहे. धुरावरून जसं अग्नीचं अनुमान, तसं बुरशीवरून ओलीचं. फक्त इथे एक घोळ होतो. आपण म्हणतो 'हवेत पाणी फार आहे', पण बुरशीला, पापडाला, लाकडाला फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टीने. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, यावर सगळं अवलंबून असतं. यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणायचं.

आकडे घेऊ म्हणजे नीट कळेल. २७ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात ९० टक्के आर्द्रता असेल तर तिच्यात २३ ग्रॅमच्या आसपास वाफ आहे. हीच हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, एक थेंबही बाहेर काढला नाही, तरी आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास उतरते. कारण गरम हवेची वाफ धरून ठेवण्याची ताकद जास्त. बुरशी साधारण ७०-८० टक्क्यांच्या वर फोफावते, आणि ६० टक्क्यांच्या खाली घर असलं तर आपण निश्चिंत. म्हणजे घर कोरडं ठेवायचे मार्ग दोन: एकतर पाणी काढा, नाहीतर ऊब द्या.

आता जुनं कौलारू घर आठवा. चूल पेटलेली, तिची ऊब वर माळ्यावर जाते, तिथे भात, कडधान्य, बियाणं ठेवलेलं. धूर कौलांच्या फटींतून निघून जातो, जाताना वाशांवर काजळी धरतो, त्यामुळे किडीलाही अटकाव होतो. पावसाच्या बाजूला झापं बांधून झड अडवलेली. भिंतींना चुना, तो ओल घेतोही आणि सोडतोही, शिवाय त्याच्या दाहकपणामुळे बुरशीला तिथे रुजणं अवघड जातं. या घरात हवा अडवलेली नव्हती, ती ऊब देऊन सोडलेली होती. पाणी काढण्याच्या भानगडीत ते घर पडलंच नाही.

पण लगेच गहिवरून जाऊ नका. त्या धुराने धान्य राखलं, वासे राखले, पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे आणि छाती मात्र जाळली. गॅस आला हे चांगलंच झालं. आपण फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की चुलीबरोबर घर वाळवण्याची एक व्यवस्थाही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच आणलं नाही.

आता यंत्र. डीह्युमिडिफायर दुसरा मार्ग धरतो, तो पाणी काढतो. पंखा खोलीतली हवा ओढून थंड नळ्यांवरून नेतो. थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं त्या नळ्यांवर पाणी सुटतं आणि ते खाली टाकीत किंवा नळीने बाहेर जातं. मग तीच हवा गरम नळ्यांवरून खोलीत परत. एअर कंडिशनर उष्णता घराबाहेर टाकतो, हा ती घरातच ठेवतो. गंमत म्हणजे एअर कंडिशनरचा जन्मही दमटपणातूनच झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर यांनी ती योजना आखली. माणसाला गारवा मिळावा हा तिचा मूळ हेतू नव्हता.

आता हिशोब करू. हजार चौरस फुटांचं, दहा फूट उंचीचं घर म्हणजे सुमारे २८० घनमीटर हवा. तिची आर्द्रता ९० वरून ६० टक्क्यांवर आणायला किती पाणी काढावं लागेल? जेमतेम सव्वादोन लिटर. एवढंच! मग अवघड काय? अवघड हे, की ही हवा टिकत नाही. तासाला एकदा जरी बाहेरची हवा आत येऊन सगळी बदलली, तर दिवसाला ५० लिटरच्या वर पाणी काढावं लागतं. कौलारू घरात वाऱ्याच्या दिवशी तासाला पाच वेळा हवा बदलली, तर अडीचशे लिटरच्या वर. म्हणजे आपण आपलं घर नव्हे, अख्खा पोफळीचा पावसाळा वाळवायला बसलो!

उलट, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या, दारं घट्ट, स्लॅबचं छत, अशा घरात हवा दोन तासांनी एकदा बदलते असं धरू. मग २६ लिटर. त्यात माणसांचा श्वास, आंघोळ, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे यांचं पाच-सात लिटर मिळवा. एक लिटर पाण्याला अर्धा युनिट वीज धरली तरी दिवसाला १६ युनिट. शिवाय वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, वापरलेली विजेची उष्णताही तिथेच राहते. दोन्ही मिळून दीड किलोवॅटचा हीटर रात्रंदिवस घरात चालू ठेवल्यासारखं होतं. म्हणून पुष्कळदा जोडीला एअर कंडिशनर लागतो. आणखी एक: खोक्यावर लिहिलेले लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजलेले असतात. साठ टक्क्यांच्या जवळ गेलं की तेच यंत्र बरंच कमी पाणी काढतं.

पोफळीतच याला एक छान दाखला आहे. कोयना प्रकल्पाचं वीजगृह इथे डोंगराच्या पोटात आहे, १९६२ पासून तिथे वीज तयार होते. जमिनीखालच्या अशा जागेत हवा आपोआप खेळत नाही, ती यंत्राने आत आणावी आणि बाहेर काढावी लागते. म्हणजे हवा कुठून येते, किती येते, कुठे जाते, हे ठरलेलं असतं. अख्ख्या घराचं यंत्र आपल्याकडे नेमकं हेच मागतं: आधी सीमा आखा, मग मला बोलवा.

आणि आजचं कोकणातलं घर ना धड उघडं, ना धड बंद. स्लॅब आहे, पण सरकत्या खिडक्यांना फटी आहेत. भिंतीला प्लॅस्टिक रंग आहे, त्यामागे जांभ्याच्या चौथऱ्यातून चढलेली ओल कोंडली आहे. चूल नाही, ऊब नाही. बुरा येतो तो या अधलेमधलेपणामुळे.

मग करायचं काय? क्रम सांगतो. पहिलं, एक साधा आर्द्रतामापक आणा आणि आठवडाभर खोलीखोलीत ठेवून आकडे लिहा. दुसरं, पाण्याच्या वाटा बंद करा: गळकी पन्हळ, स्लॅबची भेग, चौथऱ्याला लागून साचणारं पाणी. भिंतीतून ओल चढत असेल तर यंत्र ती जन्मभर उपसत बसेल. तिसरं, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चौथं, एकच खोली निवडा. दहा बाय बाराची खोली नीट बंद केली तर हवेतून येणारं पाणी दिवसाला तीन लिटरच्या आसपास. त्यात झोपणाऱ्या दोघांच्या श्वासाचं थोडं धरा. हे काम छोटं यंत्र आरामात करतं, दिवसाला दोन-अडीच युनिटांत. आई-बाबांची झोपायची खोली, तिथेच औषधं, कागदपत्रं, पुस्तकं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी ओलीचं नातं स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा हा खर्च चैनीचा नव्हे.

शेवटी एक प्रश्न आला आहे: 'आमचं घर आषाढात कुलूपबंद असतं, गणपतीला उघडतो. यंत्र लावून जावं का?' आमचं उत्तर, नको. पावसात वीज जाते-येते, नळी तुंबते, आणि बंद घरात दोन महिने कुणी न बघता विजेचं यंत्र चालू ठेवणं शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा मे महिन्याच्या उन्हात गाद्या, कपडे, पुस्तकं कडक वाळवून घट्ट झाकणाच्या पेट्यांत भरा, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. उघडीप पडली, ऊन आलं, की त्यांनी दुपारी दोन तास दारं-खिडक्या उघडाव्यात, एरवी बंद ठेवाव्यात. भर पावसात 'हवा खेळू दे' म्हणून उघडलेली खिडकी ओलच आत आणते. गणपतीला आलात की त्यांच्यासाठी आठवणीने काहीतरी घेऊन या.