उमरठच्या चहातली साखर

उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहायला सहल गेली आणि मुलांनी तिथे चहा-वड्यावर १०० रुपये खर्च केले, असे समजा. त्यातले पोलादपूर तालुक्यात किती राहिले? दूध कदाचित गावातले असेल. पण साखर घाटावरची, बेसनाचा हरभरा आणखी लांबचा. तेवढे रुपये आल्या पावली घाट चढून गेले!

कोणता धंदा कोणाकडून किती माल घेतो हे दाखवणाऱ्या चौकोनी कोष्टकाला आदान-प्रदान तक्ता म्हणतात. ही पद्धत वासिली लिओन्तिएफ यांची; त्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले. देशाचा तक्ता सरकार अधूनमधून तयार करते. जिल्ह्याचा सहसा नसतो, कारण जिल्ह्याच्या वेशीवर मालाची नोंद कोण ठेवणार? मग देशाच्या तक्त्यावरून अंदाज बांधतात.

समजा, देशातल्या दर १,००० कामगारांपैकी ४० कापडधंद्यात आहेत, आपल्या जिल्ह्यात १०. भागाकार ०.२५. याला स्थानगुणांक म्हणू. देशाच्या तक्त्यानुसार १०० रुपयांच्या तयार कपड्यांना ४० रुपयांचे कापड लागत असेल, तर त्यातले १० रुपयांचे जिल्ह्यातले आणि ३० रुपयांचे बाहेरचे धरायचे. गुणांक १ किंवा जास्त आला, तर सगळा माल जिल्ह्यातलाच मानायचा.

इथेच फसगत होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, म्हणून रसायनांचा गुणांक मोठा येईल. पण 'रसायने' हा एकच शब्द! एका कारखान्याचा माल शेजारच्याला उपयोगी पडेलच असे नाही. एकाचे ट्रक बाहेर जातात, दुसऱ्याचे बाहेरून भरून येतात. तक्ता मात्र म्हणतो, सारे इथेच मिळते. मग नव्या कारखान्याने तालुक्यात किती रोजगार वाढेल, याचा आकडा फुगतो, आणि योजना त्या आकड्यावर आखल्या जातात.

शेतीचेही तसेच. देशाच्या सरासरीत पंजाबच्या कूपनलिकांची वीज मिसळलेली असते. आपल्या डोंगरउतारावरचे भात पावसावर होते, आणि राब भाजायला लागणाऱ्या पालापाचोळ्याची पावती कुणी फाडत नाही.

म्हणून महत्त्वाच्या चार-दोन रकान्यांत तरी प्रत्यक्ष चौकशीचे आकडे भरावे लागतात. नववीच्या मुलांना हे जमेल. दुकानदार बिले दाखवणार नाही कदाचित, पण साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते.