एक जूनचा वाढदिवस आणि अठरावं वर्ष



आपल्या आई-वडिलांच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. कारण आपल्याला माहीतच आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. घरी आपण यावर हसतो. पण बालगृहातल्या मुलासाठी जनरल रजिस्टरमधली ही तारीख हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या तारखेवरूनच त्याचं छप्पर कधी सुटणार हे ठरू शकतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात बालगृहातून येणारा एक मुलगा होता. नफा-तोट्याची गणितं पटापट सोडवायचा. एकदा पन्नासची नोट देऊन त्याला समोरच्या दुकानातून दोन पेन आणायला पाठवलं. बराच वेळ आला नाही म्हणून पाहायला गेले, तर दुकानासमोर नोट मुठीत धरून उभा! मला म्हणाला, "मॅडम, मागायचं कसं असतं?" आयुष्यात त्याने कधी काही विकतच घेतलं नव्हतं. बालगृहात साबण मोजून मिळतो, जेवण घंटेवर मिळतं, कपडे वाटपात मिळतात. त्यात कुणाची चूक नाही, व्यवस्थाच तशी असते. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, हा मुलगा अठराव्या वर्षी एकटा कसा राहणार?

'रिमांड होमची मुलं' म्हणजे नक्की कोण?

हा शब्द पालकसभेत अजूनही ऐकू येतो. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार मुलांचे दोन गट आहेत. पहिला गट काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचा. आई-वडील नसलेली, घर सोडून आलेली, भीक मागायला लावलेली, घरात मारहाण सोसणारी मुलं यात येतात. बालकल्याण समिती त्यांच्याबद्दल निर्णय घेते आणि गरज असेल तर बालगृहात पाठवते. दुसरा गट विधिसंघर्षग्रस्त मुलांचा, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशांचा. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं आणि त्या काळात त्यांना निरीक्षणगृहात ठेवता येतं. पूर्वी रिमांड होम म्हणायचे ते हे.

म्हणजे बालगृहातून शाळेत येणारं मूल गुन्हेगार नसतं. आणि दुसऱ्या गटातल्या मुलालाही कायदा 'गुन्हेगार' म्हणत नाही. दोन्ही गटांतल्या मुलांची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करायला बंदी आहे. स्नेहसंमेलनाचे फोटो ग्रुपवर टाकताना आपण हे लक्षात ठेवायला हवं.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

बालगृहात राहता येतं ते १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. आपल्या घरातलं मूल त्या वयात बारावीला असतं, आणि आपण त्याला परगावी एकटं पाठवायलाही दहा वेळा विचार करतो. बालगृहातल्या मुलासाठी कायद्यात पुढची सोय आहे, तिला अनुरक्षण म्हणतात. १८ ते २१ या वयात, आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत, राहण्याची सोय, प्रशिक्षण आणि आर्थिक मदत देता येते. सहा ते आठ जणांनी मिळून एका घरात राहावं, अशी रचनाही नियमांत आहे. मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांना शिक्षण व नोकरीत १ टक्का आरक्षण मिळतं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं.

मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा समितीकडे द्यावा, असं नियम सांगतात. पण दोन महिन्यांत कागद तयार होतात, माणूस तयार होत नाही. दुकानात भाव विचारणं, पगार महिनाभर पुरवणं, आजारी पडल्यावर दवाखान्यात जाणं, 'नाही' म्हणणं, हे सगळं वर्षानुवर्षं थोडं थोडं शिकावं लागतं. घरातलं मूल ते आईबरोबर बाजारात जाऊन शिकतं. या मुलाला बाहेरचं जग भेटतं ते फक्त शाळेत. म्हणून ही तयारी आपल्या प्राथमिक वर्गापासूनच सुरू व्हायला हवी.

आपण काय करू शकतो?

१. जन्मतारीख जपून लिहा. वयाबद्दल शंका आली तर कायद्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. समितीने नोंदवलेलं वय खरं मानलं जातं. म्हणून प्रवेशावेळी समितीच्या आदेशाची प्रत मागून घ्या, अंदाजाने १ जून लिहू नका. घाईत वय वर्षभर जास्त लिहिलं गेलं, तर ते मूल वर्षभर आधी बाहेर पडू शकतं.

२. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. शाळेचा दाखला, आधार आणि बँक पासबुक जुळलं नाही, तर हक्काची मदत अडकते.

३. खरे व्यवहार करायला द्या. वर्गाची खरेदी, पोस्टात जाणं, फॉर्म भरणं, बसची पाटी वाचणं ही कामं या मुलांकडे मुद्दाम सोपवा.

४. 'माझे कुटुंब' हा निबंध देताना पर्याय ठेवा. 'मला आवडणारी माणसं' असा विषयही चालतो.

५. शाळा सोडल्यावरही ओळख ठेवा. अठराव्या वर्षी 'मी कुणाला विचारू?' या प्रश्नाला त्याच्याकडे एक तरी नाव असावं.

पालकहो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. वाढदिवसाला वर्गातल्या मुलांना घरी बोलवाल, तेव्हा या मुलालाही संस्थेच्या अधीक्षकांची परवानगी घेऊन बोलवा. घर कसं चालतं हे त्याला घरातच दिसेल.

तो मुलगा त्यानंतर दर शनिवारी वर्गासाठी खडू आणायला जायचा. चौथ्या का पाचव्या शनिवारी परत आला आणि म्हणाला, "मॅडम, त्यांनी दोन रुपये कमी दिले होते. मी मागून घेतले." त्या दिवशी मला जे बरं वाटलं, ते त्याच्या गणिताच्या पेपरनेही कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या शाळेत असं एखादं मूल असेल, तर उद्या एकदा रजिस्टर उघडून त्याची जन्मतारीख पाहा.