आबकारीपासून आत्मपरीक्षणापर्यंत

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु या भूमीतील मद्यपानाचा मागोवा निजामाच्या अमदानीपर्यंत न्यावा लागतो, कारण ज्या हैदराबाद संस्थानात हा मुलूख मोडत असे, त्याच्या तिजोरीत आबकारीचा महसूल मोठा असे, आणि रयतेचे व्यसन ही सरकारदरबारी जमेची बाब ठरे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता. पुढे महाराष्ट्रात निर्बंध सैल झाले, आणि कालांतराने स्त्रियांना मतदानाने गावातील ‘बाटली आडवी’ करण्याचा, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्याचा, अधिकार मिळाला.

हे सर्व इष्टच होते. तथापि दुकान बंद झाले तरी पिणाऱ्याला पुढच्या गावची वाट ठाऊक असते, आणि त्या वाटेने जाण्याचे निमित्तही त्याच्यापाशी सिद्ध असते. मोसंबीचा भाव पडला, पाऊस लांबला, घरात कटकट झाली! ही निमित्ते बहुधा खरीच असतात. असत्य असतो तो त्यांतून काढलेला निष्कर्ष.

हे असत्य ओळखण्याची रीत १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून आकारास आली. तिथूनच उभ्या राहिलेल्या मद्यमुक्ती संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत स्वतःच्या दोषांची निर्भय झडती, दुसऱ्या माणसापुढे त्यांची कबुली आणि पुढेही नित्य आत्मपरीक्षण, असा क्रम आहे. आपल्याकडे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले, तेव्हा औषधोपचाराच्या जोडीस समुपदेशन आणि समूहातील मनमोकळा संवाद यांना स्थान मिळाले. औषधोपचार अपरिहार्यच, कारण दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. परंतु शरीर सावरल्यानंतरचे काम माणसाच्या स्वतःशी असलेल्या सचोटीवर चालते.

जालना जिल्ह्यातीलच घनसावंगी तालुक्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. मनाचे श्लोक रचून त्यांनी उपदेशासाठी मनालाच समोर बसविले. मात्र व्यसनाने ग्रासलेले मन स्वतःचाच कैवार घेते, म्हणून त्याला ऐकणारा दुसरा माणूस लागतो. घसरल्याच्या दिवशी “आज प्यालो” असे जो घरी येऊन सांगतो, त्याच्या मुक्ततेची आशा अद्याप जिवंत असते. ते सत्य अपमान न करता ऐकून घेणे आणि त्याला पुन्हा उपचाराकडे नेणे, हे त्याच्या आप्तांचे व गावाचे कर्तव्य आहे.