भरलेला ट्रेलर: कसारा घाट की बोगदा?

तर मंडळी, प्रश्न असा आलाय: नागपूरहून समृद्धीने भरलेला ट्रेलर आणतोय, टोल वाचवायला इगतपुरीला बाहेर पडून कसारा घाट धरू का? माझं मत, नको. चढावर गाडी फार तर दमते, पण लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू आहे. जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा, घाटाची वळणंच टळतात. टोल बराच जातो, जाऊ दे. घाटानेच यायचं तर उतार लागायच्या आधी गियर खाली घ्या. आणि डिझेलसाठी न्यूट्रल? अजिबात नाही! इंजिनाने गाडी धरणं सोडलं की सगळा भार ब्रेकवर.