तेर येथील प्राचीन मंदिरवास्तू

महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी असलेली, मुख्यतः विटांत बांधलेली प्राचीन देवालये. तेर हे धाराशिव शहराच्या ईशान्येस सु. २० किमी. वर, मांजरा नदीची उपनदी तेरणा हिच्या काठी वसले आहे. सातवाहनकाळात ते तगर या नावाने प्रसिद्ध असलेले व्यापारी नगर होते. पुढे त्याचे महत्त्व ओसरून ते लहान कसबा बनले. येथील त्रिविक्रम व उत्तरेश्वर ही मंदिरे भारतातील विटांच्या प्राचीन वास्तूंपैकी उल्लेखनीय आहेत. दख्खनमध्ये डोंगरात कोरलेली चैत्यगृहे मोठ्या संख्येने टिकून राहिली; परंतु त्याच काळात सपाटीवर लाकूड व विटा यांत बांधलेल्या वास्तू जवळजवळ सर्वच नष्ट झाल्या. त्यांचे स्वरूप समजून घेण्यासाठी तेर येथील मंदिरे फार मोलाची आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनपर ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. तेथून जाडेभरडे कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. टॉलेमीनेही तगरचा निर्देश केला आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटातील दानाचा स्वीकारकर्ता तगरचा रहिवासी होता; शिलाहार राजे तर ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावीत. असे असूनही हे नगर नेमके कोठे होते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. दौलताबाद, जुन्नर, धारूर, कोल्हापूर अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली. जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी करून येथील टेकाडे व देवालये यांचे वर्णन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या १९०२–०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध केले. गावकऱ्यांच्या नित्य पूजेतील एक साधे देऊळ हे विटांत बांधलेले जुने चैत्यगृह असावे, ही गोष्ट या अहवालामुळे अभ्यासकांच्या प्रथमच ध्यानात आली.

त्रिविक्रम मंदिर : या मंदिराचे दोन भाग आहेत. मागील मूळ वास्तूचा विधान चापाकार आहे, म्हणजे तिची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. तीवरील छत हत्तीच्या पाठीसारखे लांबट व गोलसर असल्यामुळे त्यास गजपृष्ठाकार म्हणतात. पुढील चौरस व सपाट छताचा मंडप नंतरच्या काळात जोडलेला आहे. मंडपाच्या छतावरून मागे पाहिले असता मूळ वास्तूच्या दर्शनी भागावरील नालाकृती चैत्यगवाक्ष दिसतो. कार्ले, भाजे किंवा अजिंठा येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर जो आकार खडकात कोरलेला आढळतो, तोच येथे विटांत बांधलेला आहे. खडकातील कोरीव काम हे मुळात लाकूडकामाचे व बांधीव कामाचे अनुकरण होय, हे मत या एका वास्तूकडे पाहिल्यास सहज पटते.

छताची रचना खऱ्या कमानीच्या तत्त्वावर केलेली नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित आत सरकवीत नेऊन दोन्ही बाजू माथ्याशी मिळविल्या आहेत. या पद्धतीत भिंती जाड ठेवाव्या लागतात व आतील जागा अरुंद होते. तथापि मोठ्या तुळया व दगडी छतशिला यांची गरज पडत नाही. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे अशाच बांधणीचे असून गजपृष्ठाकार छत शाबूत राहिलेल्या विटांच्या प्राचीन वास्तूंत या दोहोंचाच प्रामुख्याने निर्देश केला जातो.

या मंदिराच्या काळाविषयी व मूळ धर्माविषयी एकमत नाही. विटांच्या बांधणीची शैली पाहून बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ. स. चौथे ते सहावे शतक असा मानतात. कझिन्स यांच्या मते हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असून पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली. चापाकार विधान केवळ बौद्धांचेच नव्हते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. ऐहोळे येथील दुर्ग मंदिराचा विधान चापाकारच आहे. त्यामुळे तेर येथील वास्तू प्रथमपासून ब्राह्मणी देवालय असावी, असेही मत मांडले गेले आहे. सांप्रत गाभाऱ्यात त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती आहे. एक पाय उंच उचलून त्रैलोक्य व्यापणारा विष्णू आणि दान देणारा बळी हा तिचा विषय होय.

उत्तरेश्वर व इतर मंदिरे : उत्तरेश्वर हे विटांत बांधलेले शिवमंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतीवर अर्धस्तंभ, लहान गवाक्ष व इतर अलंकरण घडीव विटांतून साधले आहे. या मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा विशेष प्रसिद्ध आहे. दख्खनच्या हवामानात वाळवी, ओल व आग यांपासून वाचून इतके जुने लाकूडकाम टिकणे दुर्मिळच. ही द्वारशाखा आता गावातील वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. गावात कालेश्वर, सिद्धेश्वर इ. मंदिरे तसेच एक जुने जैन मंदिर आहे. संत गोरा कुंभार हे येथलेच. त्यांची समाधी गावात असून वारकरी संप्रदायात तेर हे ‘गोरोबाकाकांचे तेर’ म्हणूनच ओळखले जाते. बौद्ध, वैष्णव, शैव, जैन व वारकरी अशा निरनिराळ्या परंपरांच्या खुणा अशा प्रकारे एका लहान वस्तीत एकत्र आढळतात.

विटा व बांधकाम : उत्तम दगड मुबलक असलेल्या प्रदेशात विटांची देवालये का उभारली गेली, हा प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. तेरणेच्या काठची गाळाची माती हे त्याचे एक कारण. मऊ मातीवर साच्याने नक्षी उमटविता येते आणि भाजलेल्या विटेवर छिन्नी चालविता येते. त्यामुळे बेसाल्टसारख्या कठीण पाषाणापेक्षा अलंकरण कमी श्रमात होते. येथे सापडलेल्या काही विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या आहेत. माती मळताना भुसा किंवा तत्सम पदार्थ मिसळल्यास तो भट्टीत जळून जातो, त्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि वीट सच्छिद्र व हलकी होते. अशा विटांमुळे शिखर व छत यांचा भार कमी होतो. तेलंगणातील पालमपेट येथील रामप्पा मंदिराच्या (१२१३) शिखरातही हलक्या विटा वापरलेल्या आहेत. उत्तर प्रदेशातील भितरगाव व छत्तीसगढमधील सिरपूर येथील मंदिरे विटांच्या वास्तुपरंपरेतील इतर ख्यातनाम उदाहरणे होत.

उपासना व टिकाव : विटांची वास्तू दगडी वास्तूपेक्षा लवकर खचते. दरजांत पाणी मुरते, पिंपळ-वडाची मुळे शिरतात आणि पडझड सुरू होताच गावकरी सुट्या विटा घरांसाठी नेतात. तेरच्या परिसरातील विटांच्या इतर अनेक वास्तू केवळ पायांच्या रूपाने उरल्या आहेत. त्रिविक्रम व उत्तरेश्वर मात्र उभी राहिली, याचे मुख्य कारण म्हणजे त्यांत पूजा अखंड चालू राहिली. ज्या देवळात दिवा लागतो, त्याची गळती दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी बुजवितो, भिंतीस चुना लावतो आणि माथ्यावरील रोपे उपटून टाकतो. गिलाव्याच्या थरांनी मूळ विटकाम झाकले जाते, परंतु ते वाचतेही.

देवता पालटली तरी वास्तू टिकते, असा अनुभव अन्यत्रही येतो. धाराशिव शहराजवळील लेणी मूळ बौद्ध असून नंतर जैनांनी ती आपलीशी केली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जैन परंपरा मात्र त्यांचा संबंध करकंडू राजाशी जोडते. रोममधील पँथीऑन हे देवालय इ. स. ६०९ मध्ये ख्रिस्ती चर्च बनले व त्यामुळेच ते पुढील शतकांतील मोडतोडीतून बऱ्याच अंशी बचावले. उलटपक्षी, उपासनेमुळे वास्तूत बदलही होत राहतात. मंडप वाढतात, फरशी बदलते, भिंतींना रंग चढतात. तेर येथील प्रश्न त्यामुळे केवळ अवशेष राखण्याचा नसून वापरात असलेली वास्तू तिचा वापर न थांबविता राखण्याचा आहे.

उत्खनन व वस्तुसंग्रहालय : बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही येथे उत्खनने झाली व विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. खापरे, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या मातीच्या मूर्ती आणि रोमन व्यापाराशी निगडित वस्तू यांवरून पेरिप्लसमधील वर्णनास पुष्टी मिळते. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे या साम्याला कालनिर्णयाच्या दृष्टीने महत्त्व आहे.

मराठवाड्यात जुन्या टेकाडांची पांढरी माती घरांच्या भिंती व धाबी यांसाठी खणून नेण्याची पूर्वापार रीत आहे. या खणतीत व पावसाच्या धुपीत तेर येथे वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमविल्या. त्यांच्या संग्रहातून गावात त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. एरवी या वस्तू मोडीत गेल्या असत्या अथवा दूरच्या शहरांत विखुरल्या असत्या. एखाद्या गावातील जुन्या वस्तू त्याच गावात राहिल्या, याचे हे ठळक उदाहरण होय.

जतन व संरक्षण : हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक अधिनियमानुसार राज्य शासनास स्मारके संरक्षित म्हणून घोषित करता येतात. नळदुर्ग व परंडा येथील किल्ले, धाराशिवची लेणी आणि तेरची प्रमुख मंदिरे ही जिल्ह्यातील राज्य संरक्षित स्मारकांत मोडतात. किल्ल्यांची तटबंदी विस्तीर्ण व दगडी असून तेथे नित्य वस्ती नाही. तेरची देवळे लहान, विटांची आणि दाट वस्तीत आहेत. त्यामुळे त्यांच्या जतनाचे मार्गही भिन्न आहेत.

विटांच्या जुन्या वास्तूस सर्वांत मोठा धोका ओलीचा असतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंटच्या गिलाव्यात ती कोंडते, क्षार विटांच्या पृष्ठभागाशी साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. तैलरंगाचाही परिणाम असाच होतो. भक्तिभावाने केलेला जीर्णोद्धार अशा रीतीने मूळ वास्तूस अपायकारक ठरू शकतो. याकरिता दुरुस्तीत मूळ विटांशी जुळणाऱ्या विटा व चुना वापरणे, पावसाचे पाणी पायापासून दूर नेणे, नवे बांधकाम मूळ भिंतींना न चिकटविणे आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, ही पथ्ये पाळावी लागतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत, विशेषतः उमरगा परिसरात, मोठी हानी केली, सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीच्या वजनदार धाब्यांची घरे कोसळल्यामुळे जीवितहानी वाढली. त्यानंतर जुन्या बांधणीविषयी लोकांच्या मनात भय निर्माण झाले आणि अनेक गावे नव्या ठिकाणी, नव्या पद्धतीच्या घरांत वसविण्यात आली. हे भय अनाठायी नव्हते. म्हणून या जिल्ह्यात जुन्या वास्तूचे जतन करताना तिचे पुरातनत्व व सौंदर्य यांबरोबरच तीत वावरणाऱ्यांची सुरक्षितता हाही कळीचा मुद्दा ठरतो.

तेर येथील मंदिरांचे महत्त्व त्यांच्या आकारमानात नाही. जिल्ह्यातील माणकेश्वर येथील शिल्पसमृद्ध शिवमंदिर किंवा नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहाल यांच्या तुलनेत ती साधी दिसतात. वैभव ओसरलेल्या नगरातील वास्तू पुढील पिढ्यांच्या वापरामुळे कशा जगतात, याचा सु. दीड हजार वर्षांचा पुरावा म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. शासनाचे संरक्षण व ग्रामस्थांची उपासना यांचा मेळ राहील, तोवर हा पुरावा जागेवर पाहावयास मिळेल.